मूर्ख कोणाला म्हणावे?

वाचकहो, आपल्या मराठीत मूर्खाला नावे पुष्कळ आहेत. खुळा, येडा, बावळट, मठ्ठ, भोळसट, अडाणी. शिवाय गावोगावच्या खास शिव्या आहेतच, त्या इथे छापायला नकोत. ही सगळी नावे आपण एकाच दमात वापरतो, पण त्यांचा अर्थ एक नाही. भोळा असतो तो दुसऱ्यावर विश्वास टाकतो आणि फसतो. बावळट असतो तो चार माणसांत गोंधळतो. मठ्ठ असतो त्याला गोष्ट उशिरा उमगते. आणि अडाणी म्हणजे ज्याला कोणी शिकवलेच नाही तो. यात दोष कोणाचा, हे प्रत्येक वेळी निराळे. तरी आपण बोलून मोकळे होतो की, ‘जाऊ द्या हो, मूर्ख आहे तो.’

इंग्रजी भाषेतही असाच शब्दांचा ढीग आहे. त्यातला एक भारदस्त शब्द आज आपण पाहू या. शब्द आहे ‘फट्यूइटी’. हा बाजारात ऐकू येणारा शब्द नव्हे. अग्रलेखात, न्यायालयाच्या निकालात, विद्वानांच्या वादात तो भेटतो. त्याचे विशेषण ‘फॅच्युअस’. कोशात पाहिले तर अर्थ मिळेल ‘मूर्खपणा’. शाळेतला मुलगा तेवढाच पाठ करील आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतील. पण या शब्दाची खोच तेवढ्याने कळत नाही.

मूळ शब्द लॅटिन भाषेतला, ‘फॅट्युअस’. त्या भाषेत त्याचा एक अर्थ मूर्ख, आणि दुसरा अर्थ बेचव. रोमन लोक अळणी भाजीलाही हेच विशेषण लावीत. म्हणजे ताट भरलेले दिसते, पण तोंडात घातले तर चव नाही. याच शब्दाचे आणखी एक रूप आहे. ओलसर, दलदलीच्या जागी रात्री कधी कधी एक फिकट उजेड हललेला दिसतो, असे लोक जगभर सांगत आले. वाटसरू त्याला दिवा समजून मागे जातो आणि वाट चुकतो. युरोपातल्या पंडितांनी त्या उजेडाला लॅटिन नाव दिले ‘इग्निस फॅट्युअस’, म्हणजे वेडा अग्नी. आपल्याकडे रानात वाट चुकलेल्या माणसाला ‘चकवा लागला’ म्हणतात, त्याच जातीची ही कल्पना.

जुन्या काळी इंग्रजीत ‘फट्यूइटी’ हा शब्द जन्मतःच ज्याची बुद्धी वाढली नाही अशा माणसाच्या स्थितीलाही लावीत. आता तो अर्थ मागे पडला आहे. आज तो लावतात तो निराळ्या मूर्खपणाला. ज्याला आपले अज्ञान ठाऊक नाही, उलट आपण फार शहाणे आहोत अशी ज्याची खात्री आहे, आणि त्या खात्रीने जो प्रसन्नपणे हसतो, त्याचा मूर्खपणा म्हणजे फट्यूइटी. बेरीज न येणाऱ्या पोराला कोणी जाणता इंग्रज फॅच्युअस म्हणणार नाही. त्या पोराचे घर, त्याची भूक, त्याची भाषा यांपैकी काहीही न विचारता ‘या जातीला गणित यायचेच नाही’ असे हसत हसत सांगणारा जो असेल, त्याच्या बोलण्याला हे विशेषण शोभते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण आपण रोज वापरतो. समर्थ रामदासांनी तर दासबोधात दोन वेगळे समास केले आहेत. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. साधा मूर्ख वेगळा आणि शिकून सवरून मूर्ख राहिलेला वेगळा, हा भेद समर्थांनी तीनशे वर्षांपूर्वीच केला होता. तेव्हा ‘फट्यूइटी’ मराठीत सांगताना गुरुजींनी नुसते ‘मूर्खपणा’ म्हणून थांबू नये. ‘शहाणपणाच्या ऐटीतला मूर्खपणा’ असे सांगावे.

आता शब्द समजला. पण शब्दाची खरी परीक्षा माणसांच्या इतिहासात होते. त्यासाठी आपण डहाणू आणि तलासरीकडे जाऊ. हे दोन्ही तालुके आज पालघर जिल्ह्यात आहेत. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. त्या वेळचा उंबरगाव तालुकाही त्यालाच लागून. १९६० साली महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाल्यावर उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी आपल्याकडे राहिली. पश्चिमेला समुद्र व चिकूच्या वाड्या, पूर्वेला डोंगर आणि जंगल. या जंगलपट्टीत वारली समाजाची मोठी वस्ती आहे.

स्वातंत्र्यापूर्वी या वारल्यांविषयी एकच शब्द सावकाराच्या ओटीवर आणि कचेरीच्या व्हरांड्यात ऐकू येई. तो म्हणजे ‘अडाणी’. त्याला मोजता येत नाही, त्याला वाचता येत नाही, त्याला आजचे कळते पण उद्याचे कळत नाही. जमीन त्याच्या हातून गेली ती त्याच्या मूर्खपणाने. कर्ज झाले ते त्याच्या मूर्खपणाने. हे इतक्या वेळा बोलले गेले की ऐकणाऱ्याला ते खरेच वाटू लागले. काही वारल्यांनाही वाटू लागले असेल, तर नवल नाही.

पण जरा हिशेब मांडून पाहू. गुरुजींनी तो फळ्यावर मांडावा. पावसाळ्यात घरातले धान्य संपे तेव्हा माणूस खावटी उचली. खावटी म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य. ते पीक निघाल्यावर सवाईने किंवा दिढीने फेडायचे. समजा, एकाने आषाढात एक मण भात दिढीने उचलले. कार्तिकात त्याने दीड मण द्यायचे. चार महिन्यांत अर्धा मण व्याज. म्हणजे चार महिन्यांस शेकडा ५०, वर्षाच्या हिशेबाने शेकडा १५०. फेडता आले नाही आणि तेच कर्ज पुढच्या हंगामाला पुन्हा दिढीने चढले, तर दीड मणाचे सव्वादोन मण होतात. तिसऱ्या हंगामाला तीन मण पंधरा शेर. घरात खाल्ले एक मण, आणि देणे तीन मणांच्या वर. इथे अंकगणित कच्चे कोणाचे? घेणाऱ्याला हे कळत नव्हते असे नाही. पण आषाढात पोर उपाशी असते, तेव्हा कार्तिकाचा हिशेब करून काय उपयोग?

लग्नाचे कर्ज याहून जड होते. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. बहुधा नवराबायको दोघेही राबत. फेड कधी पुरी होई, हे वहीवाल्याला माहीत. आणि वही त्याच्याच घरी.

याशिवाय वेठ होती. जमीनदाराचा निरोप आला की आपले शेत टाकून त्याच्या कामाला जायचे. मुंबई सरकारने १९३७ साली डी. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याला आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला नेमले. त्याचा अहवाल १९३९ साली छापून निघाला. वेठीला नकार दिला तर मार बसतो, आणि मोबदला फार तर दिवसाचा एक आणा किंवा एका माणसाला एका वेळेस जेमतेम पुरतील एवढे तांदूळ, असे त्याने त्यात नोंदवले. ध्यानी घ्या, हे कोणा चळवळ्याने नव्हे, सरकारच्याच अधिकाऱ्याने लिहिले होते.

आता एक गमतीची, पण कडू गोष्ट पाहा. आपल्याकडे १८७२ सालचा कराराचा कायदा आहे. करार करणारा माणूस सज्ञान आणि शुद्धीवरचा असला पाहिजे, आपले हित-अहित समजण्याजोगी त्याची बुद्धी असली पाहिजे, असे तो कायदा सांगतो. ज्याची बुद्धी शाबूत नाही त्याचा करार टिकत नाही. म्हणजे वारल्याने कर्जाच्या कागदावर अंगठा उमटवला, त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने तो शहाणा होता. सावकार कोर्टात तेच म्हणे, ‘साहेब, याने समजून उमजून अंगठा दिला आहे.’ आणि तोच माणूस ओटीवर येऊन विचारी, ‘शेठ, माझे किती फिटले?’ तेव्हा उत्तर मिळे, ‘तुला काय कळते? अडाणी तू.’ अंगठा देताना शहाणा, हिशेब मागताना मूर्ख. एकाच माणसाला दोन नावे, आणि दोन्ही दुसऱ्याच्या सोयीची.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. एका पक्षाचा दुसऱ्यावर दाब असेल आणि त्या दाबाचा गैरफायदा घेऊन करार केला असेल, तर तो रद्द करून घेता येतो. पण त्यासाठी कोर्टात जायला हवे, वकील हवा, गाडीभाडे हवे, आणि परत आल्यावर राहायला त्याच जमीनदाराच्या जमिनीवरची झोपडी. कायदा पुस्तकात होता. त्याच्यापर्यंत जायची वाट नव्हती.

मग १९४५ साल उजाडले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते या भागात फिरू लागले. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे पायी चालत आली. तिथे ठरले ते असे: वेठ करायची नाही. जमीनदाराच्या खासगी शेतावर काम करायचे तर दिवसाला बारा आणे रोख घेऊन करायचे. आणि सगळ्यांनी एक राहायचे. ठराव लहान, कोणालाही पाठ होईल असा. तो वाडीवाडीवर तोंडोतोंडी पोचला आणि पिढ्यान् पिढ्यांची वेठ थोड्याच दिवसांत थांबली. लग्नगड्यांचीही सुटका झाली.

ज्यांना मोजता येत नाही म्हणून हसले जात होते, त्यांची पुढची मागणी पाहा. या भागातले गवत कापून, बांधून मुंबईच्या बाजारात जाई. वारल्यांनी सांगितले, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये पाहिजेत. यात वजन आले, दर आला, आणि व्यापाऱ्याला कोणत्या हंगामात माणसांची गरज असते याची जाणही आली. पुढे १९४६ साली जंगलातल्या कामासाठी रोज सव्वा रुपया मजुरी मागितली. हे अडाण्यांचे गणित म्हणायचे काय?

मधल्या काळात एक मोठा घात झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो वारली जमले होते. गोदावरीबाईंची सभा आहे आणि त्यांच्यावर हल्ला होणार आहे, अशी बातमी त्यांना कळली होती. ती बातमी खोटी होती. जमीनदारांच्या माणसांनी ती मुद्दाम उठवली, असे परुळेकर पतिपत्नींनी लिहून ठेवले आहे. इकडे पोलिसांना कळवले गेले की जमाव दंग्यासाठी जमला आहे. पोलिसांनी गोळीबार केला. पाच वारली मेले. त्यांत जेठ्या गांगड हा होता.

कोणी म्हणेल, पाहा, फसलेच ना शेवटी? खोट्या बातमीवर विश्वास ठेवून धावत गेले, हा भोळेपणाच. हो, भोळेपणा म्हणा हवे तर. पण ती माणसे धावली ती लोभाने नव्हे. आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका बाईच्या जिवाला धोका आहे, एवढेच त्यांनी ऐकले. चकव्याच्या दिव्यामागे माणूस गेला तर वाट चुकलेल्याला दोष द्यायचा, की दिवा हलवणाऱ्याला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि खरी फट्यूइटी कुठे होती? ती होती दुसऱ्या बाजूला. वारली आपण होऊन उठणारच नाहीत, कोणीतरी बाहेरच्याने या भोळ्या लोकांना चिथावले आहे, एरवी सारे ठीक होते, अशी जमीनदारांची खात्री होती आणि सरकारी सूरही फारसा वेगळा नव्हता. चिथावणारे हद्दपार केले की प्रश्न मिटेल, असा हिशेब झाला. आधी परक्या राजवटीने हद्दपारीचे हुकूम काढले, आणि १९४६च्या अखेरीस लोकांनी निवडून दिलेल्या मंत्रिमंडळाच्या काळातही ते निघाले. सिमिंग्टनचा अहवाल तोवर सात वर्षांचा झाला होता. मार, वेठ, उपासमार सारे त्यात छापलेले होते. जे आपल्याच कपाटात छापून ठेवले आहे ते न वाचता ‘हे लोक अचानक असे का वागतात?’ म्हणून आश्चर्य करणे, याला इंग्रजीत फट्यूइटी म्हणतात.

एवढे मात्र सांगितले पाहिजे की कायदा हळूहळू बदलला. १९४८ साली मुंबई राज्याचा कूळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कुळाला जमिनीचा मालक होण्याची वाट मिळाली. वेठबिगार तर १९७६ सालच्या कायद्याने देशभर गुन्हा ठरली. गोदावरीबाईंनी या साऱ्या लढ्याची हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी याच मुलखातली दुसरी हकिगत. तीत गोळीबार नाही, पण प्रश्न तोच आहे. त्याच १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बालवाडी उघडली, पण आदिवासींची मुले येईनात. आता याला उत्तरे दोन. पहिले उत्तर सोपे: ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही, अडाणी आहेत.’ असे म्हणून दार लावून घेता आले असते. बाईंनी दुसरे उत्तर शोधले. मुले येत नाहीत, तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ. वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरू लागली, म्हणून ती अंगणवाडी. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे हे नाव देशभर गेले.

मग केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले. तिथे थोरल्या मुलांचा प्रश्न दिसला. ती गुरे राखायला जात. शाळेची वेळ आणि गुरे चारायची वेळ एकच. गुरे सोडून मूल शाळेत आले तर घरचे पोट कसे चालायचे? तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरताहेत आणि बाजूला झाडाखाली पाठ चालला आहे. महागडी साधने नव्हती. बिया, शिंपले, पाने, खडे हीच साधने. ज्या मुलांना ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणत, तीच मुले मोजू, वाचू लागली. मुलांचे डोके होते तेच होते; बदलली होती शाळा. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री.

आणि ‘निरक्षर’ हा शब्द तरी किती अपुरा आहे! वारली बाया लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आहेत. त्यात पालघट देवी असते. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन एवढ्या आकारांतून माणसे, झाडे, नाच, शेती सारे उभे राहते. त्यांच्या बोलीत चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच रेघ भिंतीवरून कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांची चित्रे परदेशांतही पाहिली गेली. ज्यांना लिहिता येत नाही म्हणून हिणवले, त्यांच्या घराच्या भिंती आधीपासूनच लिहिलेल्या होत्या. वाचता येत नव्हते ते पाहणाऱ्याला.

वाचकहो, एका इंग्रजी शब्दापासून आपण इतके दूर आलो, पण शब्द शिकायचा तो यासाठीच. अज्ञान हा दोष नव्हे. ते शिकून जाते. भोळेपणा हाही मोठा दोष नव्हे. अनुभवाने माणूस सावध होतो. पण आपल्याला सारे कळते आणि समोरच्याला काहीच कळत नाही, ही खात्री फार चिवट असते, कारण तिला शिकायचेच नसते.

तेव्हा गुरुजी, वर्गात एखादे पोर मागे पडले आणि तोंडात ‘मठ्ठ’ हा शब्द आला, तर तो क्षणभर अडवावा. ते पोर सकाळी काय खाऊन आले, घरी कोणती बोली बोलते, शाळेच्या वेळी घरी कोणते काम असते, हे आधी विचारावे. आणि शेतकरी बंधूंनो, कागदावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी ‘हे मला वाचून दाखवा, आणि याची एक प्रत मला द्या’ असे म्हणायला लाजू नका. समोरचा हसला तर हसू द्या. कागद वाचून होईपर्यंत अंगठा शाईत बुडवू नका.